तुटलेलं कपलिंग आणि दोन साडू

मालगाडी सुटण्याआधी डब्याला डबा जोडणाऱ्या प्रत्येक कपलिंगवर हातोडी ठोकून ते तपासणाऱ्या माणसाला यार्डात सगळे ठोक्या म्हणत. ड्रायव्हर त्याचा साडू, आणि दोघांचं लग्नापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. त्या दुपारी लांबलचक गाडी यार्डाबाहेर पडते न पडते तोच मधोमध तुटली, तेव्हा इंजिनातून उतरून आलेल्या ड्रायव्हरकडे ठोक्या आनंदाने धावतच गेला.

“दिलास ना हिसका? बैलगाडी हाकतोस काय रे?”

“आधी तुटलेलं कपलिंग बघ, मग भुंक!”

ठोक्याने कपलिंगचा तुटका लोखंडी आकडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचा चेहराच पडला. हिसक्याने तुटलेलं लोखंड चकचकीत दिसतं. इथे निम्मा भाग गंजून काळा पडला होता. चीर जुनी होती, आणि सकाळी ती त्याच्याच हातोडीखालून गेली होती. आता नोकरीवर गदा येणार.

“गंज आत्ताच चढलाय,” तो म्हणाला.

“एवढ्यात? तुझ्या जिभेचा उतरला असेल त्यावर!”

साहेबांना दाखवायला म्हणून ड्रायव्हरने आकडा धरला. ठोक्याने तो सोडला नाही. एवढ्यात गार्ड नवा आकडा खांद्यावर घेऊन धापा टाकत आला. “अहो, हा कोण बसवणार?”

“हा!” म्हणत दोघांनी एकमेकांकडे हनुवटी उडवली. जुन्या आकड्यावरचा हात मात्र कुणीच काढला नाही.