मी मागितलेला रिपोर्ट

सिडनीत, वेस्टमीडच्या एका छोट्या कंपनीत मी एचआर बघते. भरतीचे नियम मला तोंडपाठ आहेत, आणि ते दुसऱ्याला शिकवायची खोड त्याहून जुनी. क्रेडिटच्या बाबतीत तर मी मॅनेजरांना दर वर्षी झापते. उमेदवाराचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं-बिलं कशी फेडली त्याची नोंद, आपण मागायचा नाही. माणूस दिवाळखोर आहे का, एवढंच सरकारी नोंदीत बघायचं, तेही जागा पैसे हाताळायची असेल तर आणि त्याची लेखी परवानगी घेऊन.

आणि मीच तो मागितला.

अकाउंट्सच्या जागेसाठी पुण्याच्या एका मुलीचा अर्ज आला होता. इथेच शिकली, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगीही मिळाली, पण अजून कॅफेत कॉफी करत होती. मुलाखत छान झाली. शेवटी ती आणि आणखी एक जण उरले. नोकरी तिलाच मिळावी असं मला फार वाटत होतं. आपल्या माणसासाठी चार पावलं वाकडी टाकली नाहीत, तर आपण कसले आपले? मी घरून फोन केला.

"ऑफिसची म्हणून नाही, ताई म्हणून सांगतेय. तुझा क्रेडिट रिपोर्ट काढ, फ्री मिळतो. मला पाठव. बॉसला दाखवते, तुझी केस स्ट्राँग होईल."

"पाठवते ना ताई, लगेच!"

तिने तो आला तसा पाठवला. मी, महाशहाणी, सकाळी ट्रेन पकडायच्या घाईत न उघडताच बॉसकडे ढकलला.

त्यात थकलेल्या वीजबिलाचा डिफॉल्ट होता. "अकाउंट्सला, आणि हे?" एवढंच बॉस म्हणाला आणि त्याने दुसऱ्याला घेतलं. नियमावर बोट ठेवायला मला तोंड कुठे होतं? तिला मी कळवलं, त्याला अनुभव जास्त आहे. साफ खोटं होतं ते.

काही महिन्यांनी ती स्टेशनवर भेटली, कॅफेच्या काळ्या टी-शर्टमध्येच. डिफॉल्टचं तिला नंतर कळलं होतं. टूनगॅबीला ती आधी राहायची त्या घरात पुण्याहून नवी नवी मुलं यायची, म्हणून विजेचं कनेक्शन सगळ्यांत जुन्या हिच्या नावावर. ही घर सोडून गेली, नाव काढायचं राहिलं, आणि मागच्यांनी बिल भरलंच नाही.

"पण आता मी लपवत नाही, ताई. प्रत्येक अर्जाला रिपोर्ट जोडते, सोबत सगळं एक्सप्लेन करणारं लेटर. तुम्हीच म्हणालात ना, केस स्ट्राँग होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात दाखवायला मी शिकवलं होतं. मला रडूच यायला लागलं.

"नको जोडूस."

"का?"

मग मी सगळं सांगितलं. कंपनीने तो मागायचाच नसतो. मी मागायला नको होता. तुझी नोकरी अनुभवामुळे नाही, त्या कागदामुळे गेली.

माझी ट्रेन आली आणि गेली. तिने बाकावर बसून फोन काढला आणि रिपोर्ट कुठे कुठे गेलाय ते शोधायला लागली. मी शेजारी बसून बघत होते. सात ठिकाणी गेला होता.