पोळ्याआधीचा मोकळा रस्ता

आमच्या वडिलांना, आबांना, कुठल्याही गोष्टीचा बंदोबस्त केल्याशिवाय घोटभर पाणी जात नसे. पाहुण्याच्या गावी जायचं असलं तरी कुठल्या ओढ्यावर बैल सोडायचे, कुठल्या झाडाखाली भाकरी खायची, हे आधी ठरायचं. माय म्हणायची, "ह्यांला सरगात जायचं असलं तरी आदी वाट इचारून ठिवतील." सगळे हसायचे, मीही हसायचे. आता तो बंदोबस्त आठवला की अंगाची आग होते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमच्याकडे रस्ते म्हणजे गाडीवाटाच. गाव माजलगावाकडचं. तिथून बीड गाठायचं तर वडवणीवरून, वाटेत एक मुक्काम करून. त्या श्रावणात थोरली बहीण, आमची अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईणीनं पोट चाचपलं आणि म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातून सुटायचं नाही, बीडच्या सरकारी दवाखान्यात न्या. दिवस भरत आले होते, पण कळा सुरू झाल्या नव्हत्या. म्हणजे हाताशी थोडा वेळ होता. तो नसता तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणते. आबांना विचार करायला सवड तरी मिळाली नसती.

पोळा तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी वडवणीला पोळ्याचा बाजार होता. झुली, गोंडे, वेसणी, घुंगरमाळा घ्यायला आसपासची सगळी गावं लोटायची. वाट गाड्यांनी तुंबायची, ओढ्याच्या उतारावर गाडीला गाडी अडायची, मग शिव्यागाळी, बुजलेले बैल, मोडलेली चाकं. आबांनी ठरवलं की बाजाराचा दिवस जाऊ द्यायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, रात्री वडवणीला टेकायचं आणि पुढच्या सांजेला, खांदमळणीच्या आत, बीड. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, ती खांदमळणी. एकदा खांदे मळले की पोळा सरेपर्यंत त्यांच्यावर जू ठेवत नाहीत.

माय म्हणाली, "आवो, आत्ताच निगू. गर्दीत अडकलो तर मान्सांत तरी अडकू."

"तुला काय कळतंय? दोन जिवाची पोर, गर्दीत हिसके खाईल." आबा चुकीचं बोलले नव्हते. त्यांची गोष्ट नेहमीच बरोबर असायची, तेच तर दुखणं होतं.

ठरल्याप्रमाणे निघालो. वाट खरंच मोकळी होती. समोरून एक गाडी आली नाही, मागून एक आली नाही. पण बाजाराच्या गाड्यांनी काळ्या मातीचा पार चिखल करून ठेवला होता आणि चाकोऱ्या गुडघाभर झाल्या होत्या. बैल धापा टाकत चालले होते. वडवणी मागे पडली, दुसऱ्या दिवशीची दुपार कलली आणि एका ओढ्याच्या काठाला उजवं चाक आसापर्यंत गेलं. आबांनी खांदा लावला, मायनं लावला, मीही लावला. चाक हललं नाही. आणखी एक बैलजोडी पुढे जुपली असती तर गाडी निघाली असती. बाजाराच्या दिवशी अशा वीस जोड्या मागे उभ्या असत्या आणि आपली वाट मोकळी करून घ्यायला का होईना, कुणीतरी बैल दिलेच असते. आता हाक ऐकायला टिटवी होती फक्त.

गाडीत अक्काला कळा सुरू झाल्या.

दिवस टेकला. आबांनी एकदा आभाळाकडे बघितलं आणि बैल सोडले. मला वाटलं, गावात मदत आणायला निघाले. त्यांनी गाठोड्यातून तुपाची वाटी काढली. बंदोबस्तच तो, वाटेत उशीर झाला तर असावी म्हणून तीही बांधून घेतली होती! चिखलात उभे राहून त्यांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." त्यांचा आवाज कापत होता, हेही सांगितलं पाहिजे. मग ते मदत शोधायला गेले.

सकाळी जवळच्या वस्तीतली माणसं त्यांच्याबरोबर आली. भली माणसं. अक्काला बाजेवर घालून वस्तीत नेलं आणि गाडी हातांनी उचलून वर काढली. तिथली सुईण म्हणाली, बीडला न्या, आत्ताच. पुढची वाट माळाची, घट्ट होती, दुपारपर्यंत बीड आलं असतं. बाजेवरूनच न्यावं म्हटलं तर उचलल्याबरोबर अक्का अशी किंचाळायची की माणसं बाज खाली ठेवायची.

एक म्हातारा आबांना बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, आमचे बैल आमी जुपणार न्हाई. पन तुमचे तुमी जुपले, तर आमी बगितलं न्हाई म्हणू."

मायनं आबांचे पाय धरले. आबा म्हणाले, "आज ज्यानं बैलाच्या मानंवर जू ठिवलं, त्येचं घर बुडालंय. पोरीच्याच जिवावर येईल. उद्या पहाटंच निगू."

अक्कानं ते आत ऐकलं. मला म्हणाली, "मोकळी वाट बगून ठिवली हाय ना आबानं? मंग निगत कावून न्हाईत?" मी तिचा हात धरून बसले. बैल दाराशीच उभे होते, खाऊन, विसावा घेऊन.

सांजेला वेशीत वाजंत्री सुरू झाली, तोरण तुटलं आणि पोळा फुटला. बैल घुंगरं वाजवत पळत सुटले, पोरं ओरडली. त्या गलक्यात अक्का गेली, मूल पोटातच राहिलं. बीडला नेली असती तर वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण ती वाटेला तरी लागली असती.

पुढे कितीतरी वर्षांनी, पोळ्याच्याच दिवशी, आमच्या शिवारातल्या ओढ्यात एक परकी गाडी रुतली. आत एक म्हातारी तापानं फणफणलेली होती. आमचे बैल रंगवून, झूल घालून दारात उभे होते. आबा उठले, झुली काढल्या आणि बैल घेऊन ओढ्यावर गेले. गाव नुसतं बघत राहिलं. गाडी निघाली, बीडकडे गेली आणि तिन्हीसांजेला आबा चिखलानं माखलेले बैल घेऊन दाराशी आले.

माय ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, त्यांना ओवाळलं आणि पुरणपोळी भरवली. मग आबांकडे वळली.

"घर बुडलं का?" तिनं विचारलं.

आबा दारातच खाली बसले. माय ताट घेऊन आत गेली.