खातं बंद करायला आलेले आबा

टेबलावर कागद ठेवण्याआधी आबा खिशातला रुमाल काढून टेबल पुसायचे. टेबल स्वच्छ असलं तरी पुसायचे. मग पिशवीतून कागद काढून माझ्याकडे सरकवायचे आणि विचारायचे, "भाऊ, कागद काय म्हणस?"

जळगावात पिंप्राळ्याला माझं एका खोलीचं ऑफिस आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. तुम्ही अशा ऑफिसात कधी बसला असाल तर पाहिलं असेल, मुलं मोबाइलमध्ये असतात आणि घाम आईबापांना फुटलेला असतो. आबा त्यातले नव्हते. ते पारोळ्याहून सकाळच्या एसटीने यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि आपला नंबर येईपर्यंत भिंतीवरच्या पंख्याचा आवाज ऐकत राहायचे. एकदा म्हणाले, "याना बेअरिंग जायेल शे." पंखा चांगला फिरत होता. आठ दिवसांनी बंद पडला.

धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं इंजिनं उघडली होती. बायको लवकर गेलेली. एकच मुलगी, तीही यंत्रातलीच इंजिनिअर. तिला जर्मनीत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तेव्हा आबांनी पारोळ्यातला प्लॉट विकला. तिथल्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका खात्यात भरून ठेवावी लागते. ते खातं मुलाच्या नावावर असतं, पण कुलूपबंद. मूल तिकडे पोहोचलं की दरमहा थोडे थोडे पैसे सुटतात. हे सगळं मी समजावल्यावर आबा म्हणाले होते, "म्हणजे दूध तापाडानं, पन साय तिकडे जाईसन खावानी." याहून सोपं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

तयारीच्या दिवसांत मुलगी घरी जर्मनचे धडे मोठ्याने म्हणायची आणि आबा भाकरी थापता थापता ऐकायचे. वीसपर्यंतचे आकडे त्यांना पाठ झाले होते. माझ्याकडे रांगेत बसलेल्या एका पोराला त्यांनी ते म्हणून दाखवले, चुकलं तिथे स्वतःच थांबून दुरुस्त केलं.

संक्रांतीनंतर व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं.

आबा ते घेऊन आले. टेबल पुसलं, पत्र ठेवलं, नेहमीचा प्रश्न विचारला. मी वाचून अर्थ सांगितला. मग पिशवीतून दुसरा कागद निघाला. खातं बंद करण्याचा अर्ज, खाली मुलीची सही. ती तेव्हा धुळ्याला एका कारखान्यात नोकरी करत होती, तिला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून तिने अर्ज बापाच्या हाती दिला होता. पैसे आबांच्या बँकेतून गेले होते आणि परत तिथेच यायचे होते, त्यामुळे त्यांच्या बँकेचं एक पत्र अर्जाला जोडावं लागणार होतं.

"पुन्हा अर्ज करता येस का?" त्यांनी विचारलं.

"येतो की. पुढच्या सत्रासाठी करता येईल. पण तिने तर बंद करायची सही दिलीय."

"ती मना जीवसाठी सही करी ऱ्हायनी, भाऊ. प्लॉट गया ना, तेनं तिले लागेल शे. थोडा दिन जाऊ दे. तिचं मन फिरी."

आणि त्यांनी अर्ज घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला.

पुढे दर पंधरा दिवसांनी ते येत राहिले. काम काही नसायचं. एकदा बँकेचं पत्र मिळालं नाही म्हणायचे, एकदा साहेब रजेवर आहेत म्हणायचे. मला कळत होतं. मुलीचा फोन माझ्याकडे यायचा, "भाऊ, अर्ज पाठवला का? काही उत्तर आलं?" पहिल्या वेळी मी गडबडलो. आबा समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हणालो, "तिकडून उत्तर यायला वेळ लागतो." त्यानंतर आणखी दोनदा मी हेच सांगितलं. खोटं बोलणं माझ्या धंद्यात नवं नाही, पण ही तीन वाक्यं मला अजून टोचतात.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली. त्यानंतरच्या सोमवारी बापलेक दोघं एकत्र आले. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी तीही आली होती. तिला मी वर्षभराने पाहत होतो. बोटांच्या पेरांत ग्रीसचे काळे डाग होते.

"भाऊ, अर्ज पाठवला का?" तिने विचारलं.

मी आबांकडे पाहिलं. आबा रुमालाने टेबल पुसत होते.

"आबा, राहू द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "खातं माझ्या नावावर आहे. माझ्या मोबाइलवर दिसतं. ते बंद झालेलं नाही, मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग बोलनी का नही?"

"तुम्हीच सांगाल म्हणून थांबले."

आबा म्हणाले, "तू मना जीवसाठी माघार ली ऱ्हायनी, असं वाटनं माले."

"नाही आबा. आधी मला खरंच जायचं होतं. नंतर नंतर नको वाटायला लागलं. पण तुम्ही गल्लीभर पेढे वाटले होते, कसं सांगणार? नकाराचं पत्र आलं त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि झोपले. कितीतरी महिन्यांनी तशी झोप लागली."

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. ज्या व्यापाऱ्याने प्लॉट घेतला होता, त्याच्याकडे ती स्वतः गेली होती. तिला तिथे फवारणीच्या पंपांचं आणि ठिबकच्या फिल्टरचं दुरुस्ती केंद्र काढायचं होतं. माणूस भला. म्हणाला होता, बेटा, आखाजीपर्यंत थांबतो, आहे त्या भावात परत देतो, त्यानंतर मात्र मी घराचं काम काढणार.

"पन आखाजी ते व्हई गई..." आबांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"तुम्ही आखाजीच्या आत सांगाल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हतं. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, निदान तुम्ही तरी."

आबांनी पिशवीतून अर्ज काढला. त्याच्या आत बँकेचं पत्र होतं, दोन महिन्यांपूर्वीच मिळालेलं. मी दोन्ही स्कॅन करून पाठवले. पैसे यायला काही आठवडे लागले. ते आले त्या दिवशी आबांनी मला फोन केला आणि पैशांविषयी एक शब्द न बोलता म्हणाले, "प्लॉटवर जाई उनू. पाया खोदाई गया." माफी मागावी असं वाटलं, पण ते म्हणाले, "तुना दोष नही, भाऊ. चूक मनी शे." आणि फोन ठेवला.

मुलीने धुळ्याला एक भाड्याचा गाळा घेतला. आबा पारोळ्याचं घर बंद करून तिच्याकडे राहायला गेले, आणि माझ्याकडच्या त्यांच्या खेपा थांबल्या.

गेल्या थंडीत आबा गेले. मला चार दिवसांनी कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी. एका लग्नासाठी धुळ्याला गेलो होतो, वाट वाकडी करून गाळ्यावर गेलो. आबा दारात पाटावर बसून रॉकेलच्या तसराळ्यात नटबोल्ट धूत होते. तेवढ्यात चोपड्याकडचा एक केळीवाला शेतकरी पंप खांद्यावर घेऊन आला. आबांचे पांढरे केस, काळे हात पाहून त्याने पंप त्यांच्याचसमोर ठेवला आणि म्हणाला, "मिस्तरी, जरा बघा बरं, दाब धरत नाही."

आबांनी पंपाला हातही लावला नाही. मानेने आत खूण केली.

"मिस्तरी मझार शे," ते म्हणाले. "मी हेल्पर शे."