मामांची टापटीप

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी शवागारातल्या सीटी मशीनवर दिवसाचं पहिलं प्रेत होतं, आणि काचेपलीकडे बसलेल्या बाईंचा चहा अजून गरम होता. बाई तंत्रज्ञ. बावीस वर्षं जिवंतांचे स्कॅन काढले, गेली चार वर्षं मेलेल्यांचे. मेलेल्यांना 'हलू नका' सांगावं लागत नाही. बदलीचा अर्ज त्यांनी केलाच नाही.

आजचे आजोबा कडाक्याच्या थंडीत परसात सापडले होते, अंगावर कपडा नाही. कोणीतरी मारून, कपडे उतरवून टाकलं, असा पोलिसांना संशय. घरात सून एकटीच. तिला कालपासून चौकीत बसवून ठेवलेलं.

डॉक्टर स्क्रीनपाशी वाकले. "हाड एकही मोडलेलं नाही. फुफ्फुसं स्वच्छ, हृदयात रक्ताच्या गाठी. गारठूनच गेलेत. शेवटी माणसाला उकडायला लागतं, स्वतःच कपडे फेकतो. पण गारठून गेलेल्याचं मूत्राशय तुडुंब हवं. इथे तर ठणठणगोपाळ!"

"मग?"

"मग काय लिहू? चौकीवाले तेवढंच धरून बसतील."

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणजे मदतनीस, सोमवारीच दुसऱ्या इमारतीतून इथे आलेले, निवृत्तीला तीन महिने.

"मामा, तुम्ही आल्यापासून चादर अगदी कोरडी असते."

"असणारच!" मामा खूश झाले. "टेबलावर घेण्याआधी पोट दाबून घेतो मी. तीस वर्षांची सवय. नंतर पुसत कोण बसणार, तुम्ही?"

डॉक्टर हळूच खुर्चीत बसले.

"किती निघालं?"

"मापाच्या भांड्यात धरलं ना! नऊशे मिली. एक थेंब सांडला नाही."

"भांडं?"

"घासून पालथं घातलंय."

बाईंनी कोरा कागद पुढे केला. "हे लिहून द्या."

मामांचा चेहरा उतरला. "पुरावा ओतला म्हणून चौकशी लावतील, बाई. पेन्शन लटकेल."

"लटकेल बहुतेक," बाई म्हणाल्या. धीर द्यायची सवय चार वर्षांत मोडली होती. "नाही लिहिलंत तर सून लटकेल."

मामांनी खणातून पट्टी काढली. मग समास आखून, सुवाच्य अक्षरात, त्यांनी अकरा ओळी लिहिल्या. 'नऊशे'खाली पट्टीने रेघ मारली. सही केली.

डॉक्टरांनी चौकीला फोन लावला. सुनेला घरी सोडलं. उद्या साडेनऊला शवविच्छेदन, साडेअकराला तिने प्रेत ताब्यात घ्यायला यायचं. मामांची चौकशी दुपारी दोन वाजता, खोली क्रमांक चार.