गळा नसलेला सापळा

भागीरथेनं विणलेल्या सापळ्यातून मासा परत गेला, असं ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. तलावाच्या सांडव्यावर लावायचे हे बांबूचे सापळे. बांबूच्या पातळ पट्ट्या, कमच्या, तासायच्या तिनंच आणि आतला गळा बांधायचा तोही तिनंच. गळा म्हणजे सापळ्याचा जीव. बाहेरून रुंद, आत निमुळता. मासा कमच्या सारत शिरतो, पण उलटा फिरला की त्याच टोकदार कमच्या मिटून तोंडावर येतात. गावचा रिवाज असा, की सापळा ज्याच्या हातचा, भादव्यात सांडव्यात उतरून त्यानंच लावायचा. दुसऱ्याच्या हाती दिला की सांडव्यावरची ती जागा शेजारच्या घराला. भागीरथेनं ती जागा एकोणीस वर्षं धरली होती.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात तिच्या पोटानं दगा दिला. जेवलं की तासा-दोन तासांनी उजव्या बाजूला कमरेच्या वर कळ उठे, पोट गुडगुडे, आतड्याची वेटोळी कातडीखालून डोळ्यांना दिसत. बेंबीची नाळ सरकली म्हणून गावच्या बुधरी सुईणीनं पोट चोळ-चोळ चोळलं. मग भागीरथेनं आपलं डोकं चालवलं. सापळ्याच्या गळ्यात कचरा बसला की ती वरून पाण्याचा लोट सोडी. तसाच पोटात एरंडेलाचा लोट सोडला, महिनाभर. कळ वाढली, अंगावर नुसती हाडं उरली.

शेवटी नवऱ्यानं, इस्तारीनं, बैलबंडीनं ब्रह्मपुरी आणि तिथून छोट्या रेल्वेनं तिला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून पोटाचा फोटो काढला आणि ते इस्तारीला समजावू लागले.

"पोट माह्यं हाय जी," भागीरथा म्हणाली. "मले सांगा."

डॉक्टर हसले आणि कागदावर चित्र काढू लागले. "हे लहान आतडं, वीसेक फुटांचं. मोठ्या आतड्याला ते इथं, उजवीकडे, बाजूनं मिळतं. याचं टोक मोठ्यात जरासं शिरलेलं असतं, दोन ओठांसारखं. रस शोषून होईस्तोवर हे ओठ अन्न धरून ठेवतात, मग थोडं-थोडं पुढं सोडतात. पलीकडं भरलं की दाबानं मिटतात. घाण मागं येत नाही. ही झडप आहे, बाई."

तिनं कागद फिरवून पाहिला. "झडप काहाची? हा तं गळा होय!"

"क्षयानं हे ओठ सुजलेत. भोक पेन्सिलीएवढं उरलंय. त्यात तुम्ही एरंडेल रेटत होता."

गळाच आवळलेला आणि वरून लोट! "मीच आपला सापळा फाडून राह्यलो होतो," ती पुटपुटली. मग मान वर करून म्हणाली, "दोन कमच्या बदलता नाई येत?"

"नाही. सडलेला भाग कापायचा, दोन्ही आतडी एकमेकांना शिवायची. झडप राहणार नाही. अन्न धावेल, दिवसातून पाच-सहादा जावं लागेल."

"बिना गळ्याचा सापळा म्हंजे टोपली झाली!" इस्तारी घाबरला. "नोको वं."

"टोपलीत मासा राह्यत नाई का? तोंडावर हात ठेवा लागते." ती डॉक्टरांकडे वळली. "भादव्यापावतर उठवता?"

"सांगता येत नाही."

"मंग मी सांगतो. उठतो. कुठी अंगठा लावू?"

ऑपरेशन झालं, क्षयाची इंजेक्शनं सुरू झाली. पहिला महिना ती नुसती धावत होती. पण टोपलीच्या तोंडावर हात ठेवायला तिनं सोडलं नाही. तेल बंद. वाटीभर मऊ भात, दर दोन तासांनी. कोणतं अन्न धावतं, कोणतं थांबतं, याची ती पारख करू लागली. दिवसातून सहादा जायची ती श्रावणात चारवर आली.

भादव्यात सांडवा वाहू लागला. शेजारचा देवाजी काठावर उभाच होता, इस्तारीही बायकोमागोमाग आला होता.

"वहिनी, कंबरभर पाणी हाय. दे, मी लावतो."

"काऊन? डाक्टरनं हात कापले का माह्ये?"

ती उतरली. सापळ्याला चार खुंट्या. दोन ठोकल्या आणि पोटात गुडगुडलं. देवाजीनं हात पुढं केला. दात आवळून तिनं तिसरी ठोकली, सापळा हलवून पाहिला आणि मगच तलावाच्या बांधावर, पाळीवर चढून झुडपांकडे धावली.

परत आली तेव्हा देवाजीनं चौथी खुंटी हातात घेतली होती. इस्तारी त्याच्या मनगटाला धरून उभा होता.

"मांग सरक, भाऊ," तिनं खुंटी काढून घेतली. "मी फकस्त तिकडं जाऊन आलो."

आणि पाण्यात उतरून तिनं चौथी ठोकली.