चापट मारून बांधलेला माल

ट्रकवर माल चढला, पट्टे आवळले, की ड्रायव्हर मालावर एक चापट मारतो आणि म्हणतो, "आता कुठे जातोय!" आमच्या यार्डात सगळे हेच करायचे. त्या चापटीने आजवर एकही पट्टा घट्ट झालेला नाही. मी तिथे क्रेन चालवण्यात उमेदीची वर्षे घालवली, आणि ती चापट आठवली की अजूनही माझे डोके फिरते.

माझे दाजी चापट मारत नसत. बाजूला फळ्या नसलेला सपाट ट्रक त्यांनी आयुष्यभर चालवला. गेटबाहेर पडले की पहिल्या वळणानंतर ट्रक कडेला घेऊन उतरत आणि एकेक पट्टा हाताने ओढून पाहत. चाके फिरली की माल बसतो, आणि माल बसला की पट्टा ढिला पडतो. एवढी साधी गोष्ट. पण त्यासाठी यार्डाने त्यांचे नाव ठेवले थांब्या. मुकादम चारचौघांत विचारायचा, "काय थांब्या, आज पोचणार की वाटेतच मुक्काम?" लोक हसायचे. ज्यांचा माल रस्त्यावर सांडला होता, तेही हसायचे.

घरीही तीच गत. बिऱ्हाड हलवताना त्यांनी कपाट असे बांधले की नव्या घरात ते सोडवेपर्यंत संध्याकाळ झाली. माझी बहीण म्हणाली, लग्न करून आणताना मला पट्टा लावला नाही, हेच नशीब.

मग त्यांच्या लेकीने, माझ्या भाचीने, ट्रकचा परवाना काढला आणि ती त्याच यार्डात लागली. दाजींनी तिला शिकवले ते मी ऐकले आहे. जड माल मधोमध ठेवायचा. पाइप गोल असतो, त्याला नुसत्या पट्ट्याच्या भरवशावर सोडायचे नाही, आधी दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. पट्टा धारेवरून जातो तिथे खाली जाड रबर हवे. धार पट्टा कापते आणि कापताना सांगत नाही. वरच्या थराला त्याचा स्वतःचा पट्टा. यंत्र असेल तर साखळी. ताडपत्री पावसासाठी असते, तिला बांधणीत धरायचे नाही. नव्या ड्रायव्हरला याहून फार काही लागत नाही. कंबर वाकवायची तयारी लागते, आणि तीच कोणाकडे नसते.

मुकादमाने भाचीला पहिल्या दिवसापासून टोचले. थांब्याची पोरगी, म्हणजे हिलाही थांबायचा रोग असणार. ती अजून कायम झालेली नव्हती. आपला शेरा वाईट गेला तर घरी बसावे लागेल, हे त्याने तिला पुन्हा पुन्हा ऐकवले होते.

त्या सकाळी मी तिच्या ट्रकवर मोठे पाइप ठेवले. पाचरी कमी पडल्या. तिने आणखी मागितल्या. मुकादम म्हणाला, संपल्या, आणि वरच्या थराला वेगळा पट्टा कशाला, मागे रांग लागली आहे. मग तिने पट्टे आवळले, मुकादमाकडे बघत मालावर चापट मारली आणि केबिनमध्ये चढली. मी वरून ओरडलो, पण इंजिन सुरू झाले होते.

दाजींचा रिकामा ट्रक नेमका तेव्हाच आत येत होता. त्यांनी माल पाहिला, ट्रक गेटमध्येच आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकून उतरले.

भोंगे सुरू झाले. मुकादम धावत आला आणि तोंडाला येईल ते बोलला. भाची खिडकीतून वाकून म्हणाली, "बाबा, बाजूला घ्या. सगळ्यांसमोर माझी शोभा करू नका."

"वरच्या पाइपला हात लाव," दाजी म्हणाले. "हलला नाही तर घेतो बाजूला."

ती रागारागाने वर चढली आणि कडेचा पाइप हाताने रेटला. पाइप डुलला. त्याच्याच खाली मुकादम उभा होता. तो मागे सरला, पण तोंड चालूच.

तिने सगळे पट्टे सोडले. संपलेल्या पाचरी गुदामाच्या दाराआड पडलेल्या निघाल्या. आणायचा कंटाळा, दुसरे काय? तिने एकटीने सगळी बांधणी पुन्हा केली. कोणी हात लावला नाही, दाजींनीही नाही.

दुपारी दाजींना यार्डातून काढले. गेट अडवले म्हणून. पाचरी न देणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. आजही लोक सांगतात की थांब्याने लेकीचा भर यार्डात अपमान केला. माल धड पोचला, हे कोणी सांगत नाही.

संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो तर भाची जेवायला बसत नव्हती. "माझ्या कानात सांगायचं होतं. गेट कशाला अडवलंत? गेली ना नोकरी?"

"कानात सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," दाजी म्हणाले. "आणि निघाली असतीस."

तिने ताट घेतले, पण बापाशी बोलली नाही.

सकाळी ती आधी गुदामात गेली आणि पाचरी स्वतः उचलून आणल्या. मुकादमाने टोमणा मारला. तिने मान वर केली नाही. तिचे ठोकून होईपर्यंत मी क्रेनने पुढचा पाइप उचललाच नाही. मागे भोंगे वाजत होते. वाजू देत.