तारा तुटला तेव्हा

मी सुप्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. मोजल्याशिवाय काही मान्य करायचं नाही ही कामाची सवय घरातही उतरली आहे, देवाच्या बाबतीत तर जरा जास्तच. म्हणून इथेही वाढवून काही लिहीत नाही.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, अलीकडे विसर पडतो. दिवाळीला आम्ही पुणतांब्याला घरी गेलो होतो. दिवेलागणीच्या गडबडीत आण्णा ओट्यावरून उठून कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. नदीकाठ पाहिला, मळा पाहिला, उसात शिरून हाका मारल्या. अंधार पडला, गारठा वाढला. अंगात नुसती बंडी असलेला म्हातारा माणूस अशी रात्र काढणार नाही, हे मला कळत होतं. बायको म्हणाली, "अहो, रामाचं नाव घ्या." मी चिडून म्हणालो, "नावानं माणूस सापडत नाही, शोधून सापडतो."

चुलतभाऊ आणि मी कालव्याचं पाणी शेतात नेणाऱ्या, तेव्हा कोरड्या असलेल्या चारीच्या कडेने परत फिरलो, ते हात टेकूनच. जातानाही तिथे बॅटरी मारली होती, पण तिचा उजेड तिरपा. काठच्या गवताखालचं काही दिसलं नव्हतं. तेवढ्यात अगदी डोक्यावर हिरवट-पांढरा गोळा पेटत आला आणि सगळं शिवार दिवसासारखं उजळलं. भाऊ तोंड वर करून बघतच राहिला. माझी मान मात्र खाली गेली. ती आण्णांनी लहानपणी लावलेली सवय. तारा तुटला की वर बघायचं नाही, कुणाचा तरी जीव चाललेला असतो. मान खाली घालून राम म्हणायचं. कित्येक वर्षांनी तो शब्द तोंडातून आपोआप निघाला. आणि पायाखालच्या चारीत, गवताच्या आड, आण्णांची पांढरी टोपी दिसली.

पाय मुरगळून ते तिथेच बसून राहिले होते, हाकांना ओ द्यायचंही विसरून. अंग गार पडलं होतं. मी माझा स्वेटर त्यांच्या अंगात घालत होतो, तर मलाच विचारतात, "तारा तुटला न्हवं? मान खाली घातली का न्हाई रं?"

"घातली, आण्णा."

"मग चल घरी."

तो दगड त्या रात्री जळत यायचाच होता, आमच्यासाठी आला नाही, हे मला समजतं. पण तो आला तेव्हा मी नेमका तिथे, मान खाली घालून उभा होतो, याचा हिशोब लागत नाही. आता लावतही बसत नाही. आण्णा कधी मला ओळखतात, कधी नाही. सुट्टीला गावी गेलो की दिवा लागल्यावर मी त्यांच्याशेजारी बसतो. मान खाली घालायला आता तारा तुटावा लागत नाही.